ड्रिलची बॅटरी पूर्ण उतरवावी का?

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानशिक्षकांचा आम्हाला फोन आला. शाळेने वर्गणी जमवून एक कॉर्डलेस ड्रिल घेतले होते. वर्षभर त्याचा उत्तम उपयोग झाला. मुलांनी फळ्या जोडल्या, प्रतिकृती केल्या, प्रयोगशाळेची मांडणी भिंतीवर ठोकली. एप्रिलअखेर सरांनी ड्रिल स्वच्छ पुसले, बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत ते रिकामेच फिरवले आणि बॅटरी तशीच ड्रिलला लावून लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. जूनमध्ये बॅटरी चार्जरवर ठेवली तर लाल दिवा उघडझाप करू लागला. बॅटरी चार्ज होईना. दुकानदार म्हणाला, "वापरण्यात चूक झाली आहे." शाळेत मात्र सगळ्यांना वाटले, दुकानदाराने फसवले.

"पण सर, बॅटरी पूर्ण उतरवून ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं ना? शिबिरात?"

होय, आम्हीच सांगितले होते. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात प्रयोगशाळेतल्या हत्यारांच्या निगेविषयी बोलताना आम्ही हा नियम सांगितला होता. आम्ही स्वतः तो शोधविद्यार्थी असताना प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये शिकलो होतो. तिथे १२ व्होल्टचे जाडजूड ड्रिल होते आणि "आधी पूर्ण उतरव, मगच चार्ज कर" हे वाक्य रोज कानावर पडे. नियम ऐकला, पाळला आणि पुढे दिला. तो का आहे, हे मात्र विचारले नाही.

त्या चुकीची भरपाई म्हणून हा लेख. ड्रिल कसे निवडावे आणि बॅटरी कशी सांभाळावी, हे तर पाहूच. पण प्रत्येक नियमामागचे कारणही पाहू.

थोडा इतिहास

सुताराचे गिरमिट हाताने फिरते. त्याला विजेची मोटर जोडून हातात धरता येईल असे ड्रिल जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे फाइन कंपनीने १८९५ साली तयार केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका या रचनेचे पेटंट अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली मिळाले. वायर नसलेले, बॅटरीवरचे ड्रिल याच कंपनीने १९६१ साली बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियम घट होते.

कॉर्डलेस ड्रिलचा शोध चांद्रमोहिमेसाठी लागला, असे अनेकदा वाचायला मिळते. ते खरे नाही. ड्रिल आधीच बाजारात होते. मात्र पुढे चंद्रावर भोके पाडण्यासाठी खास ड्रिल बनवताना कमीत कमी ऊर्जेत काम करणारी मोटर कशी घडवावी, याचा बारकाईने अभ्यास झाला. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी अशा ड्रिलने चंद्राच्या मातीचा सुमारे २.४ मीटर लांबीचा नमुना काढला. त्या ड्रिलमध्ये चांदी-जस्ताचे घट होते.

सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन घट विक्रीला आणले. ड्रिलसारख्या मोठा विद्युतप्रवाह खेचणाऱ्या हत्यारांत ते यायला २००५ साल उजाडले. निकेल-कॅडमियम मागे पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे कॅडमियमचा विषारीपणा. युरोपीय संघात २०१६ सालानंतर अशा हत्यारांसाठी हे घट विकण्यास बंदी आली. आज दुकानात मिळणारे कॉर्डलेस ड्रिल बहुधा लिथियम-आयनचेच असते. घट बदलला; नियम मात्र जुनाच राहिला.

जुना नियम कुठून आला?

निकेल-कॅडमियम घटाला 'आठवण' असते, असे म्हणत. घट प्रत्येक वेळी थोडासाच वापरून पुन्हा चार्ज केला, तर काही काळाने तो तेवढेच काम करून थकल्यासारखा वागे. कृत्रिम उपग्रहांत हा परिणाम ठळकपणे दिसला, कारण तिथे रोज ठरावीक प्रमाणातच घट वापरला जाई. घराघरांत दिसणारी 'आठवण' बरेचदा जास्त वेळ चार्जरवर ठेवल्यामुळे होणारी व्होल्टेजची घसरण असे. अग्रावरच्या पदार्थाचे बारीक स्फटिक मोठे होतात, त्यांचे पृष्ठफळ घटते आणि घट पूर्वीसारखा विद्युतप्रवाह देऊ शकत नाही. अधूनमधून एक घट १ व्होल्टपर्यंत उतरवून पुन्हा भरला, तर यात सुधारणा होते. शिवाय हा घट उतरलेल्या स्थितीत ठेवला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. नियमामागे असे खरे कारण होते.

पण तेव्हाही "१ व्होल्टपर्यंत" हे शब्द गळून "पूर्ण" एवढेच उरले होते, आणि त्याने नुकसान होत असे. का, ते एका सोप्या प्रयोगातून वर्गात दाखवता येते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

१.२ व्होल्टचे, पेन्सिल सेलच्या आकाराचे तीन निकेल-मेटल हायड्राइड घट घ्या. दोन पूर्ण चार्ज करा. तिसरा आधी वापरून उतरवा आणि मग थोडाच वेळ चार्ज करा. तिन्ही एकसरीत जोडून त्यांवर टॉर्चचा छोटा दिवा लावा. दर पाच मिनिटांनी मल्टिमीटरने प्रत्येक घटाचे विभवांतर वेगवेगळे मोजून तक्त्यात लिहा.

सुरुवातीला तिन्ही आकडे जवळपास सारखे दिसतील. काही वेळाने तिसऱ्याचा आकडा भराभर घसरेल, शून्यावर येईल आणि मग मल्टिमीटरवर उणे चिन्ह दिसेल. हे चिन्ह दिसताच जोडणी सोडवा. प्रयोग इथेच संपवायचा आहे.

उणे चिन्ह कसे आले? तिसरा घट रिकामा झाला, पण उरलेले दोन अजून विद्युतप्रवाह देत आहेत. एकसरीत तोच प्रवाह तिसऱ्यातूनही जातो. म्हणजे दोघे मिळून तिसऱ्याला उलटा चार्ज करू लागतात. दिवा मंद झाला तरी पेटलेलाच असतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. ड्रिलच्या बॅटरीतही असेच घडते. एकाच वेळी सगळे घट कधीच रिकामे होत नाहीत. पूर्ण उतरवण्याच्या नादात सर्वांत दुबळ्या घटाचा बळी जातो.

हा प्रयोग लिथियम-आयन घटांवर मात्र कधीही करू नये. कारण पुढे येईल.

लिथियमचे वेगळेपण

लिथियम-आयन घटात ऋण बाजूला ग्राफाइट असते आणि धन बाजूला निकेल, कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे ऑक्साइड. दोन्ही पदार्थ थराथरांचे. वहीच्या पानांत पिंपळपान ठेवावे, तसे लिथियमचे आयन या थरांत शिरून बसतात. चार्ज करताना ते ऑक्साइडच्या थरांतून निघून ग्राफाइटच्या थरांत जातात. वापरताना परत येतात. इथे स्फटिक मोठे होण्याचा तो प्रश्न नाही. म्हणून जुन्या अर्थाने 'आठवण' नाही आणि ती पुसण्यासाठी बॅटरी उतरवण्याचीही गरज नाही.

उलट उतरवण्यात धोका आहे. ऋण बाजूचे ग्राफाइट तांब्याच्या पातळ पत्र्यावर लिंपलेले असते. भरलेल्या घटाचे विभवांतर सुमारे ४.२ व्होल्ट असते, नेहमीच्या वापरात सरासरी ३.६. ते २.५ व्होल्टच्या खाली जाऊ नये, अशी ड्रिलच्या घटांसाठी सर्वसाधारण मर्यादा आहे. घट फारच खाली गेला आणि तसाच राहिला, तर हे तांबे विद्युत अपघटनीत विरघळू लागते. पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच ठिकाणी साचते आणि घटाच्या आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. यातून आग लागू शकते. म्हणून चांगला चार्जर अशी बॅटरी नाकारतो. शाळेतला तो लाल दिवा बिघाडाचा नव्हता; चार्जर आपले काम बजावत होता.

पण ड्रिल तर ठरावीक पातळीला आपोआप बंद होते. मग मे महिन्यात काय झाले? समजा, ड्रिल बंद पडले तेव्हा बॅटरीत ५० मिलिअँपिअर-तास एवढाच भार उरला होता आणि ड्रिलला जोडलेल्या बॅटरीतली इलेक्ट्रॉनिक मंडले अगदी थोडा, म्हणजे ०.१ मिलिअँपिअर प्रवाह घेत होती. ६० दिवसांचे तास होतात १४४०. म्हणजे १४४ मिलिअँपिअर-तास भार हवा, शिल्लक ५०. बॅटरी धोक्याच्या रेषेखाली गेली. तीच बॅटरी निम्मी भरलेली, म्हणजे १००० मिलिअँपिअर-तासांवर ठेवली असती, तर जूनमध्ये तिच्यात ८५० च्या आसपास उरले असते.

आणखी एक उदाहरण सोडवून पाहा. पाच घटांच्या बॅटरीत केवळ एकूण विभवांतर १५ व्होल्टला आले की बंद करण्याची सोय आहे. चार घट ३.३ व्होल्टवर असतील, तर पाचवा किती? चारांचे १३.२; पाचव्याला उरले १.८. एकूण आकडा ठीक, पण एक घट संकटात. चांगल्या बॅटरीत प्रत्येक घटावर स्वतंत्र लक्ष ठेवलेले असते, ते यासाठीच.

मग पूर्ण भरून ठेवावी काय? तेही चांगले नाही. पूर्ण भरलेल्या घटात विद्युत अपघटनीचे विघटन जास्त वेगाने होते, आणि उष्णतेने हा वेग आणखी वाढतो. म्हणून दीर्घ सुटीसाठी निम्मी भरलेली बॅटरी, ड्रिलपासून वेगळी काढून, थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. मे महिन्यात पत्र्याखालचे कपाट किंवा उन्हात उभी केलेली मोटार ही जागा नव्हे.

आकडे वाचायला शिकू या

दुकानात एका ड्रिलवर १८ व्होल्ट लिहिलेले असते, शेजारच्यावर २० व्होल्ट. दुसरे जोरदार वाटते. दोन्हींत बहुधा पाचच घट असतात. ३.६ ला पाचाने गुणले की १८. नुकत्याच भरलेल्या घटाचे ४ व्होल्ट धरून पाचाने गुणले की २०. आकड्याजवळ बारीक अक्षरांत 'कमाल' अशा अर्थाचा शब्द असतो, तो वाचावा. तीन घटांची बॅटरी अशाच रीतीने १०.८ किंवा १२ व्होल्ट म्हणवते.

व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की ऊर्जा मिळते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास. ५०० वॅटचे ड्रिल एवढ्या ऊर्जेवर पूर्ण भाराने जेमतेम सव्वाचार मिनिटे चालेल. कॉर्डलेस ड्रिल दिवसभर पुरते, कारण प्रत्येक भोकाला काही सेकंदच लागतात. तासन्‌तास सलग काम असेल आणि जवळ प्लग असेल, तर वायरचे ड्रिल स्वस्त आणि टिकाऊ पडते. हे दुकानदार सहसा सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

२ ऐवजी ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत बरेचदा पाच-पाच घटांच्या दोन ओळी समांतर असतात. त्याने वेळ दुप्पट होतो, हे उघड आहे. दुसरा फायदा मात्र ध्यानात येत नाही. समजा, एका घटाचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम आहे. पाच एकसरीत म्हणजे ०.१ ओहम. ड्रिल २० अँपिअर खेचत असेल, तर २ व्होल्ट आतच खर्च होतात आणि प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४० वॅट उष्णता बॅटरीतच निर्माण होते. दोन ओळी समांतर असतील, तर रोध निम्मा आणि उष्णता २० वॅट, तीही दुप्पट घटांत वाटली गेलेली. मोठी बॅटरी कमी तापते, म्हणून जास्त टिकते. मात्र ती जडही असते. शिडीवर चढून हात वर करून काम करताना लहान बॅटरीच बरी.

हेच सूत्र दुसरी गोष्ट सांगते. बिट अडकले तरी खटका दाबून धरला, तर प्रवाह वाढतो. प्रवाह दीडपट झाला, तर उष्णता सव्वादोन पट. ड्रिल कण्हू लागले की बोट काढावे.

टॉर्कचा आकडाही असाच तपासावा. ६० न्यूटन-मीटरचे ड्रिल अचानक अडकले तर ते स्वतःच उलटे फिरू पाहते. अक्षापासून २० सेंटिमीटरवर धरलेल्या मुठीवर त्या वेळी ३०० न्यूटन, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतका जोर येतो. नववीतल्या मुलाचे मनगट त्यात पिरगळू शकते. शाळेसाठी ३० न्यूटन-मीटरच्या आसपासचे, १२ व्होल्ट गटातले, १० मिलिमीटरच्या चकचे लहान ड्रिल पुरेसे आहे. चकमागची अंकांची फिरती कडी म्हणजे क्लच. स्क्रू बसवताना ती लहान अंकावर ठेवावी. ठरावीक जोरानंतर टकटक आवाज होऊन चक थांबतो आणि लाकूड फाटत नाही. हे अंक न्यूटन-मीटरचे नाहीत, केवळ क्रम दाखवणारे आहेत.

भिंतीचे काय? विटांच्या भिंतीसाठी ठोके देणारे ड्रिल पुरते. काँक्रीटच्या खांबाला ते दमते. तिथे दट्ट्याच्या ठोक्यांचे रोटरी हॅमर लागते. ते एक दिवस भाड्याने आणावे.

वेगाचा नियम सोपा आहे. बिटची कड पदार्थावरून किती वेगाने घासते, ते महत्त्वाचे. साध्या पोलादासाठी मिनिटाला २५ मीटर धरले, तर ६ मिलिमीटरच्या बिटला मिनिटाला सुमारे १३०० फेरे चालतील, १० मिलिमीटरच्या बिटला ८०० च पुरे. बिट जाड तर वेग कमी. लाकडाला याहून जास्त वेग चालतो.

निगा

मोटरच्या झरोक्यांतला भुसा कोरड्या ब्रशने काढावा. गिअरची कळ चक पूर्ण थांबल्यावरच सरकवावी. बिट बदलताना बॅटरी आधी काढावी. मोटर ब्रशची असेल, तर कार्बनचे ब्रश झिजतात. आत जास्त ठिणग्या दिसू लागल्या की ते बदलून घ्यावेत. ब्रशलेस मोटरला ही कटकट नाही, पण ती महाग असते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बॅटरीच्या पट्ट्यांवर गंज चढतो. त्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

गरम बॅटरी लगेच चार्जरवर ठेवू नये. अर्धा तास निवू द्यावी. तापमान शून्याखाली असताना चार्ज करू नये, कारण लिथियम थरांत शिरण्याऐवजी ग्राफाइटवर धातूच्या रूपात साचते. हिमालयात सहलीला जाणाऱ्यांनी हे आपल्या मोबाइलसाठीही लक्षात ठेवावे. सुटी बॅटरी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात टाकू नये. एखादा खिळा दोन पट्ट्यांवर आडवा पडला की शॉर्टसर्किट झालेच.

फुगलेली, पडून चेपलेली किंवा चार्जरने नाकारलेली बॅटरी उघडू नये. दुसऱ्या बॅटरीची वायर लावून तिला 'जागी' करण्याची युक्ती काही जण सांगतात. विरघळलेल्या तांब्याची गोष्ट आठवली, तर हा मोह होणार नाही. अशा बॅटरीच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्यावी. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. घरच्या कचऱ्यात ती टाकू नये.

आणि शेवटी

आम्ही त्या शाळेत गेलो. चूक दुकानदाराची नाही, सरांचीही नाही, आमची आहे, हे मुलांसमोर सांगितले. नवी बॅटरी आम्ही घेऊन दिली आणि वरचा तीन घटांचा प्रयोग वर्गात केला. उणे चिन्ह दिसताच मुलांनी एकच गलका केला.

नंतर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग तुमचा हा नवा नियम कधी चुकीचा ठरणार?"

प्रश्न रास्त होता. सोडियम-आयन घट आता बाजारात येऊ लागले आहेत. त्यांच्या ऋण बाजूलाही तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा वापरता येतो, त्यामुळे तांबे विरघळण्याचा प्रश्नच उरत नाही. असा घट शून्य व्होल्टपर्यंत उतरवून ठेवता येतो. उद्या ड्रिलमध्ये हे घट आले, तर "पूर्ण उतरवून ठेवा" हा सल्ला कदाचित पुन्हा योग्य ठरेल.

सरांनी कपाटाच्या दारावर आतून एक कागद लावला आहे. त्यावर लिहिले आहे : "सुटीत बॅटरी काढून निम्मी भरून ठेवावी. कारण : आत तांबे आहे." तो कागद पाहून आम्हाला बरे वाटले.